ऑनलाइन पावणी: नवीन माणसानं बोली कशी लावावी आणि माल कसा विकावा

गोव्यातल्या माणसाला बोली म्हणजे काय हे शिकवायला नको. मानशीची (बांधावरच्या झडपेची, जिथं मासे धरतात) पावणी म्हणजे लिलाव होतो, काजूच्या झोनची (बोंडूंची दारू गाळायच्या पट्ट्यांची) होते, कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) शेतांची होते, जत्रेत देवाला वाहिलेल्या नारळाची आणि केळीच्या घडाचीसुद्धा होते, आणि तिथं नुसतं बघायला उभ्या असलेल्या पोरांनाही कळतं की अमका हट्टाला पेटलाय, तमक्याच्या खिशात तेवढे नाहीत, आणि मागे गप्प उभा असलेला तो माणूस शेवटी घेऊन जाणार. ऑनलाइन लिलावात नेमकं हेच दिसत नाही. समोर कोण बोली लावतोय माहीत नाही, वस्तू हातात घेऊन बघता येत नाही, विकणारा फोंड्याचा आहे की फरिदाबादचा ते त्याने सांगितलं तेवढंच खरं. तरीपण लोक घेतात, विकतात, बऱ्यापैकी पैसेही मिळवतात, आणि काहीजण बुडतात.

मी जुनी नाणी, स्टँप, नोटा घेतो-विकतो, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येणार. पण नियम गाडीला लावा, बँकेच्या फ्लॅटला लावा, सगळीकडे तेच. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो: लिलावात पैसे कमावले किंवा घालवले जातात ते बोलीच्या आधी, लॉट (लिलावात ठेवलेली वस्तू आणि तिची माहिती) वाचताना. शेवटच्या दोन मिनिटांत फक्त निकाल लागतो.

आधी कुठे जायचं ते ठरवा

पूर्वी सोपं होतं, ईबे होतं. बाझी डॉट कॉम नावाची आपली भारतीय साइट ईबेने 2004 मध्ये विकत घेतली, तीच पुढे ईबे इंडिया झाली, मग 2017 मध्ये हा धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट 2018 मध्ये ती साइट बंदच पडली. आता ईबे म्हणजे अमेरिकेतली मुख्य साइट, तिथून घेता येतं पण पोस्टेज आणि कस्टमचा विचार करूनच, त्यावर खाली बोलतो.

सध्या आपल्याकडे खेळ चालतो तो साधारण असा. नाणी-नोटा-चित्रं यांची मोठी लिलाव घरं मुंबई, बेंगळुरू, अहमदाबादला आहेत, त्यांचे लिलाव आता ऑनलाइनही चालतात, घरबसल्या म्हापशातून बोली लावता येते. नोंदणी करताना पॅन-आधार मागतात, काही ठिकाणी अनामतही, आणि ते मागतात हे चांगलंच लक्षण आहे. दुसरं म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ग्रुप, तिथं अ‍ॅडमिन फोटो टाकतो, खाली लिहितो "स्टार्ट 200, स्टेप 20, रात्री 9 ला क्लोज" (200 पासून सुरू, दर वेळी निदान 20 वाढवायचे) आणि लोक कमेंटमध्ये आकडे टाकत बसतात, नाण्यांपासून अ‍ॅडेनियमच्या रोपांपर्यंत सगळं असंच विकलं जातं. हे स्वस्त पडतं, मजाही येते, पण तुमच्या पैशांची हमी कोणाचीच नसते, अ‍ॅडमिन चांगला तर ग्रुप चांगला एवढंच. तिसरं सरकारी आणि बँकांचं, म्हणजे एमएसटीसी (1964 पासूनची सरकारी कंपनी, आपल्या खाणींवर पडून राहिलेल्या लोहखनिजाचे ई-लिलावसुद्धा हिच्यामार्फतच झाले), आणि सरकारी बँकांनी जप्त केलेल्या मालमत्तांसाठी बँकनेट हे पोर्टल.

एक चौथा प्रकार आहे, त्याच्या वाटेला जाऊच नका: प्रत्येक बोलीला पैसे घेणाऱ्या साइट. लाखाचा फोन दोन हजारांत गेला असं दाखवतात, पण हरलेल्या शेकडो लोकांनी विकत घेतलेल्या बोल्यांचे पैसे त्यांच्याच गल्ल्यात जातात. तो लिलाव नाही, मटका आहे.

मग नुसतं बघत बसा

खातं उघडलं की लगेच बोली लावायची खाज सुटते, ती आवरा. ज्या वस्तूत रस आहे तिचे संपलेले लिलाव शोधा, म्हणजे "सोल्ड" वाले. लोक मागतात किती याला काही किंमत नाही, मागणारा लाखही मागेल, प्रत्यक्षात किती आले ते बघायचं. लिलाव घरांचे जुने निकाल त्यांच्या साइटवर असतात, तिथं लॉटचा फोटो आणि शेवटची किंमत दोन्ही दिसतं, ते एका वहीत नाहीतर मोबाईलच्या नोट्समध्ये उतरवून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेकजण करत नाहीत, आणि जे करतात ते बाकीच्यांच्या जिवावर कमावतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पोर्तुगीज काळातली 1958 आणि 1959 ची सेंटाव्हो-एस्कुदोची नाणी. गोव्यात जुन्या घरातल्या कुठल्याही पत्र्याच्या डब्यात दोन-चार सापडतील, बाजारात भरपूर आहेत, तरी "रेअर गोवा कॉइन" म्हणून कोणीतरी हजारांत लावतो आणि बाहेरचा नवखा घेतोही. उलट 1881-82 चा पोर्तुगालचा राजा दों लुईसचा चांदीचा रुपिया, चांगल्या अवस्थेतला असला तर त्याला खरोखर गिऱ्हाईक आहे. आणि 1952 चा रुपिया दिसायला चकचकीत पण त्यात चांदी नाहीच, तांबं आणि निकल. लिस्टिंगमध्ये "सिल्व्हर" लिहिलेलं असलं तरी. हे ज्याला माहीत त्याचे पैसे वाचले.

लॉट कसा वाचायचा

आता हे नीट वाचा, सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात.

फोटोत काय आहे यापेक्षा फोटोत काय नाही ते बघा. नाण्याची एकच बाजू दाखवली, कड दाखवली नाही, म्हणजे कडेला टाका मारलेला असू शकतो (आपल्या बायका नाण्यांची पुतळीसारखी माळ करायच्या, त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच रुपियांना वर कडी काढून घासलेली खूण असते, आणि ती खूण असली की किंमत सरळ खाली येते). स्टँपची मागची बाजू नाही म्हणजे गोंद गेलेला किंवा पिवळा पडलेला समजा, गोव्याच्या दमट हवेत चार पावसाळे काढलेल्या स्टँपचं दुसरं काय होणार. खुर्ची-कपाटाच्या फोटोत पाय दिसत नसतील तर वाळवी. गाडीचा फोटो फक्त समोरून असेल तर मागे ठोकलेली.

वर्णनात वजन आणि मापं हवीत, नसतील तर विचारा. तो 1881-82 चा रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा पाडलेला, 11.66 ग्रॅम, वापरून झिजलेला असला तरी थोडाच कमी भरणार. सेलरने वजन काट्यावर ठेवून फोटो पाठवला आणि काटा 9.8 दाखवतोय तर पुढे बोलायचं कामच नाही. सेलर म्हणाला काटा नाही, तर ठीक आहे, कोपऱ्यावरच्या सोनाराकडे आहे ना. ज्याला विकायचंय तो जाऊन वजन करून आणतो, ज्याला टोपी घालायची आहे तो सबबी सांगतो. हा साधा प्रश्न मला बाकी कुठल्याही रेटिंगपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

रेटिंग बघायचंच पण आकडा बघून हुरळू नका. पन्नास रुपयांच्या वस्तू विकून शंभर चांगले शेरे मिळवायचे आणि मग एकदम पन्नास हजारांची वस्तू लावायची ही जुनी युक्ती आहे. वाईट शेरे आधी वाचा, आणि सेलरने त्यांना काय उत्तर दिलंय तेही, शिव्या दिल्या असतील तर तुमच्या वेळीही देणार.

आणि अटी. "अ‍ॅज इज" लिहिलं असेल तर परतीचा विषय संपला. रिझर्व्ह आहे का, म्हणजे ठराविक आकड्याखाली विकणारच नाही अशी आतली किंमत आहे का. खरेदीदाराचं प्रीमियम (हातोड्याच्या किमतीवर लिलाव घर जादा घेतं ते) किती टक्के. पैसे किती दिवसांत भरायचे. पोस्टेज कोणाचं.

तुमचा आकडा कागदावर लिहा

लिलाव घरात हातोडा ज्या किमतीवर पडतो ती तुमची किंमत नव्हे. समजा हातोडा 4000 वर पडला, प्रीमियम 18 टक्के धरा म्हणजे 720, कुरियर आणि विमा मिळून 250, झाले 4970, आणि त्यावर जीएसटी त्या घराच्या अटीत असेल तसा, म्हणजे पाच हजाराच्या वरच गेलात. ज्याला वाटलं चार हजारात मिळालं तो पुढच्या वेळी विकायला जातो तेव्हा विकणाऱ्याचं कमिशन पण कापलं जातं आणि मग तोंड उतरतं. म्हणून उलटा हिशोब करायचा, माझ्या दारात वस्तू येईपर्यंत मला जास्तीत जास्त किती परवडतं, त्यातून सगळे खर्च वजा, जो आकडा उरला ती तुमची शेवटची बोली. ती कागदावर लिहा. मनात ठेवलेला आकडा रात्री पावणेनऊला वाढतो.

बाहेरच्या देशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी धराच. सेलरला "गिफ्ट म्हणून पाठव" सांगायची पद्धत होती, पाच हजारापर्यंतच्या गिफ्टला जी सूट होती ती डिसेंबर 2019 मध्ये काढून टाकली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून, त्यामुळे आता खोटं लिहून घेण्यात फायदा शून्य आणि पार्सल अडकलं तर त्रास तुमचाच.

बोली

मोठ्या साइटवर प्रॉक्सी बोली असते. तुम्ही तुमचा कमाल आकडा टाकता, तो कोणाला दिसत नाही, सिस्टिम तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेते. आत्ता किंमत 1000 आहे, तुम्ही 2500 टाकले, दुसऱ्या कोणाचा कमाल 1800 आहे, स्टेप 50 ची, तर तुम्हाला ती 1850 ला मिळणार, 2500 ला नाही. नवीन माणसाला हे पटत नाही, तो पन्नास-पन्नासने स्वतः वाढवत बसतो आणि समोरच्याला फुकट माहिती देतो की इथं एक हट्टी माणूस आहे. एकदाच टाका, खरा कमाल टाका, आणि जेवायला जा.

शेवटच्या क्षणी टाकायची की आधी? ईबेवर वेळ संपली की संपली, म्हणून तिथं लोक शेवटच्या पाच-दहा सेकंदांत टाकतात आणि त्यात फायदा असतो, कारण बाकीच्यांना पुन्हा विचार करायला वेळ मिळत नाही. पण बऱ्याच भारतीय साइटवर आणि बँकांच्या लिलावात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, तिथं ही चलाखी चालत नाही. आणि गोव्यात पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे शेवटच्या सेकंदावर भरवसा ठेवून बसण्यापेक्षा प्रॉक्सी टाकून ठेवलेली बरी, निदान मोबाईल डेटा तरी चालू ठेवा.

खोट्या बोल्या ओळखायला शिका. विकणाराच दुसऱ्या नावानं किंवा आतेभावाकडून किंमत वर नेतो. लक्षणं अशी की एकच खातं फक्त त्याच सेलरच्या लॉटवर बोली लावतं, शेवटी कधी जिंकत नाही, आणि तुम्ही थांबलात की तेही थांबतं. मग दोन दिवसांनी मेसेज येतो, "जिंकलेल्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या बोलीला देतो". असा मेसेज साइटच्या आतून आला असेल तरी मी घेतला तर किंमत खाली उतरवून घेतो, आणि बाहेरून, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर मेलवर आला असेल तर उत्तरच देत नाही.

आणि जिंकलात तर घ्या. बोली हा शब्द दिलेला असतो, "घरच्यांनी नको म्हटलं" हे कारण चालत नाही, ग्रुपमध्ये एकदा नाव खराब झालं की सगळ्या ग्रुपमध्ये होतं, हे लोक एकमेकांना ओळखतात.

पैसे आणि पार्सल

यूपीआय सोयीचं आहे पण एकदा गेले की गेले. ओळख नसलेल्या सेलरकडून महाग वस्तू घेताना क्रेडिट कार्डने भरता आलं तर भरा, भांडण लागलं तर बँकेकडे तक्रार करायला जागा राहते. ईबेवर पैसे ईबेच्याच रस्त्याने भरलेत तर माल आला नाही किंवा वर्णनाप्रमाणे नसला तर परतीची हमी आहे, पण 30 दिवसांच्या आत सांगावं लागतं, आणि "बाहेरून पाठवा, दहा टक्के कमी करतो" म्हणणाऱ्याला पाठवलेत की हमी गेली.

पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढा, पाकिटावरचा पत्ता आणि टेप दिसेल असा, एकसलग, मध्ये न थांबवता. हे जरा वेड्यासारखं वाटतं, घरचे हसतात, पण "मी बरोबर पाठवलं होतं" आणि "रिकामं आलं" या भांडणात दुसरा पुरावा नसतो.

विकायचं असेल तर

जुनी वस्तू सापडली की आपल्या लोकांचा पहिला उद्योग म्हणजे ती घासणं. चिंच, आमसूल, पितांबरी, जे हाताला लागेल ते. समई घासा, घंगाळ घासा, नाणं घासू नका! वर्षानुवर्षं जमलेला तो काळपट थर हीच नाण्याची अब्रू, घासलेलं नाणं जाणकाराला फोटोतच ओळखू येतं आणि किंमत निम्म्याहून खाली जाऊ शकते. फार तर कोमट पाण्यात बुडवून मऊ कापडानं टिपायचं, चोळायचं नाही.

फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर, फ्लॅश बंद. दोन्ही बाजू, कड, आणि जिथं खोट आहे तिथला जवळून. हो, खोटेचा मुद्दाम काढायचा. ज्या सेलरने स्वतःहून चरा दाखवला त्याच्या बाकी बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात आणि बोली जास्त येते, शिवाय माल परत येत नाही.

सुरुवातीची किंमत कमी ठेवली की गर्दी जमते, पण गर्दी जमेल अशीच वस्तू असेल तर. ज्याला चार-पाचच गिऱ्हाईकं आहेत अशी वस्तू एक रुपयापासून लावलीत तर एक रुपयात जाऊ शकते आणि मग द्यावी लागते, त्यामुळे तिथं रिझर्व्ह ठेवा किंवा तुम्हाला परवडेल तिथूनच सुरू करा. लिलाव संपायची वेळ रविवार संध्याकाळ चांगली. चवथीच्या (गणपतीच्या) आठवड्यात चुकूनही नको, अर्धा गोवा माटोळी बांधण्यात असतो आणि उरलेला गाडी घेऊन गावाला निघालेला असतो.

पाठवायचं कसं: नाणं आधी प्लास्टिकच्या फ्लिपमध्ये, फ्लिप दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये टेपने घट्ट (हलवलं की वाजता कामा नये, वाजलं की पोस्टातल्या कोणाच्याही कानाला कळतं आत काय आहे), मग बबल, मग पाकीट, जून ते सप्टेंबर असेल तर आतून एक झिपवाली पिशवी आणि सिलिका जेलची पुडी. पाकिटावर "कॉइन", "अँटिक" असलं काही लिहू नका. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे काउंटरवर स्पीड पोस्ट मागा, महाग वस्तूला विमा काढा. खाजगी कुरियरवाले दागिने-चलन बहुतेक घेत नाहीत, न सांगता दिलंत आणि हरवलं तर भरपाई विसरा.

माल हलवायचा तो पैसे बँकेच्या खात्यात दिसल्यावर. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, एसएमएस म्हणजे पैसे नव्हेत, अ‍ॅप उघडून बॅलन्स बघा.

जुन्या वस्तूंचा कायदा

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे, त्यात 100 वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, कोरीव काम वगैरे पुरावस्तू धरली जातात, आणि हस्तलिखितं-कागदपत्रं महत्त्वाची असतील तर 75 वर्षांपासूनच. ती खाजगी माणसानं देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. म्हणजे आजोबांच्या पेटीतला 1882 चा रुपिया तुम्ही ईबेवर लावून लिस्बनच्या गिऱ्हाइकाला पाकिटातून पाठवलात तर तो गुन्हा, किंमत पाचशे असो की पाच लाख. 1912 चाही तसाच. देशातल्या देशात पुरावस्तूंचा धंदा करायलाही परवाना लागतो, तो लिलाव घरांकडे असतो, म्हणून असा माल त्यांच्याकडेच द्यायचा, कमिशन घेतात पण झोप लागते. देवळातली, कपेलातली (छोट्या चर्चमधली) मूर्ती, लाकडी कोरीव काम कोणी स्वस्तात देत असेल तर हातच लावू नका, चोरीचा माल असण्याची शक्यता फार.

आणि जुनं घर पाडताना, भाटात (बागायतीत) खणताना पैशांचं मडकं सापडलं तर ते आपोआप तुमचं होत नाही, 1878 चा निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा गाडलेला ठेवा सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! कायदा केला तेव्हाचे.

गाडी आणि फ्लॅट

गाड्यांचं थोडक्यात. बँकेने ओढून आणलेल्या, विम्यात गेलेल्या, रेंट-अ-कारवाल्यांनी काढलेल्या गाड्या लिलावात येतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती भाड्याची, खाजगी करून घ्यायचा खर्च आणि आरटीओच्या फेऱ्या किमतीत धरा, आणि ती सीझनला किती जणांनी कशी चालवली असेल ते तुम्हीच समजा. कळंगुट-बागा पट्ट्यात फिरलेली गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊ नका, खारं वारं पत्रा खातं. चेसिस नंबर स्वतः जुळवा, बाकी चलन, कर्जाचा बोजा, एमएच 07 वगैरे बाहेरच्या राज्याचा नंबर असेल तर एनओसी.

फ्लॅट-जमिनीचं मात्र थोडक्यात नाही. कर्ज बुडालं की बँक सर्फेसी (बँकांच्या कर्जवसुलीच्या) कायद्याखाली मालमत्ता विकायला काढते. भाव बाजारापेक्षा कमी दिसतो कारण जोखीम तुमच्या गळ्यात असते. अनामत साधारण दहा टक्के, जिंकलात की अनामत धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत, बँकेने लेखी दिली तरच मुदतवाढ, तीही तीन महिन्यांपर्यंतच. नाही भरलेत तर भरलेलं सगळं जप्त, आणि हे सुप्रीम कोर्टानेही 2024 मध्ये ग्राह्य धरलंय. म्हणजे होम लोन मंजूर होईल या आशेवर बोली लावायची नाही, मंजुरीचं पत्र हातात घेऊन लावायची. किंमत 50 लाख किंवा वर गेली तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा.

जाहिरातीत ताबा "सिम्बॉलिक" की "फिजिकल" ते बघा. सिम्बॉलिक म्हणजे ताबा फक्त कागदावर, आत बहुधा अजून माणूस राहतोय, त्याला बाहेर काढेपर्यंत तुमचे केस पांढरे होऊ शकतात. गोव्यात याशिवाय आमची स्वतःची भानगड वेगळी: एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा) काढून रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, मुंडकाराचं (मालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर आहे का, कूळ लागलंय का, जमीन कोमुनिदादची तर नाही ना, आणि आमच्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे कर्ज घेताना दोघांच्या सह्या होत्या का हेही. मुंडकाराला 1975 च्या कायद्याचं संरक्षण आहे, बँकेच्या लिलावानं तो हलत नाही. दोन-पाच हजार देऊन इथल्याच वकिलाला कागद दाखवा, मुंबईच्या नको, त्याला मुंडकार म्हणजे काय ते आधी तुम्हालाच समजवावं लागेल. आणि जागेवर जा, शेजाऱ्याशी बोला, सोसायटीची थकबाकी विचारा.

फसवणूक झालीच तर

काही ठरलेल्या गोष्टी येतात. "मी आर्मीत आहे, वास्कोला पोस्टिंग आहे, वस्तू न बघता घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील." पैसे यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे जाताना नाहीतर बॅलन्स बघताना, हे घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ करून घ्या. दुसरं, "786 नंबरची नोट, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, दहा लाखाला घेतो, आधी रिझर्व्ह बँकेची फी भरा." रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि कोणाकडून फी-कमिशन घेत नाही. ती नोट बाजारात सामान घ्यायला वापरा.

पैसे गेल्याचं कळल्या कळल्या 1930 वर फोन करा, लाजत बसू नका, सेलरशी भांडत बसू नका, रक्कम समोरच्या खात्यात गोठवायची असेल तर पहिले तासच कामाचे. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवा. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार, त्यात ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी, मोबाईल नंबर, चॅट, लिस्टिंगचे स्क्रीनशॉट. लिस्टिंग आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट आधी काढा, मग त्याला जाब विचारा, कारण जाब विचारला की तो सगळं डिलीट करून तुम्हाला ब्लॉक करतो. सेलर दुकानदार किंवा कंपनी असेल आणि माल खराब निघाल्याचा वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. खाजगी माणसानं खाजगी माणसाला विकलेल्या वस्तूत मात्र ग्राहक कायद्याचा फारसा उपयोग नाही, तिथं तुमच्याकडे त्याचं खरं नाव-पत्ता, वजनाचा फोटो आणि पार्सल उघडतानाचा तो व्हिडिओ असेल तेवढंच.